सवलतीची गाडी, परतीची गाडी

डोंगरमाथ्यावरच्या एका शांत गावी एक वृद्ध नेत्रवैद्य राहत असत. आयुष्यभर त्यांनी इतरांचे डोळे तपासले, आणि उतारवयात त्यांची स्वतःचीच दृष्टी मंद झाली. समोरच्या माणसाचा चेहरा त्यांना पाण्याखालच्या दगडासारखा दिसे. पण त्याच्या आवाजातली धाप आणि पावलांतला संकोच त्यांना नेमका कळे. त्यांच्याकडे शाल्मली नावाची एक तरुण डॉक्टर शिकायला आली होती. शहरातल्या मोठ्या रुग्णालयातली नोकरी सोडून ती इथे आली, आणि वर्षभरात गुरुजींचे रुग्ण तिचेही रुग्ण झाले.

वस्त्या डोंगराच्या दोन्ही अंगांना विखुरलेल्या होत्या. शाल्मली कधी एसटीने, कधी दुधाच्या टेम्पोने जाई आणि उरलेली वाट पायी तुडवी. पाठीवर यंत्राची पिशवी, हातात चष्म्यांची पेटी. घामाघूम होऊन ती एखाद्या अंगणात टेकली, की घरातले कुणी तिला पाणी देत विचारी, "डॉक्टर मागून येतायत का?"

"मीच डॉक्टर," ती म्हणे.

मग विचारणाऱ्याच्या नजरेत क्षणभर अविश्वास उमटे. तो क्षण तिला फार सले. तिने याबद्दल कधी कुणाला सांगितले नव्हते.

पुढे जिल्ह्याच्या गावातील एका संस्थेने या कामासाठी तीन वर्षे दरमहा ठरावीक रक्कम द्यायचे कबूल केले. त्यातूनच वाहन करायचे आणि जे उरेल त्यातून औषधे, चष्मे आणि मोतीबिंदूच्या रुग्णांना खाली रुग्णालयात नेण्या-आणण्याचा खर्च भागवायचा. गाडी विकत घेण्याइतका पैसा कुणाकडेच नव्हता. तेव्हा ती भाडेपट्ट्याने घ्यायची असे ठरले. तीन वर्षे महिन्याचे भाडे द्यायचे, गाडी वापरायची आणि मुदत संपली की परत करायची. हिशेब सरळ होता. गाडीवर जास्त गेले, तर खिंडीपलीकडच्या वस्त्या सोडाव्या लागणार होत्या, आणि तिकडेच डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा पडलेली म्हातारी माणसे सर्वांत जास्त होती.

मार्गशीर्षातल्या एका कोवळ्या सकाळी गुरू आणि शिष्या खाली शहरात गेले. रस्त्यालगतच्या काचेच्या एका प्रशस्त दालनात नव्याकोऱ्या गाड्या उभ्या होत्या. दालनाचे मालक विश्रामशेठ शेट्ये स्वतः पुढे आले. माणूस बोलका, हसतमुख. त्यांनी गुरुजींना हाताला धरून खुर्चीवर बसवले, कॉफी मागवली आणि शाल्मलीला म्हणाले, "मॅडम, तुम्ही अगदी योग्य वेळी आलात. वर्ष संपत आलंय. आता जी सूट मिळेल ती पुन्हा नाही."

आणि दाराजवळच्या एका करड्या गाडीवरून पुढे जात त्यांनी तिला एका उंच, पांढऱ्याशुभ्र गाडीपाशी नेले. गाडीच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिले होते : दोन लाखांची सूट.

"किंमत चौदा लाख. त्यात दोन लाख सूट. शिवाय सीट कव्हर, वर्षाचा विमा, पहिल्या महिन्याचं भाडं माफ. असं बाकी कुठल्याच गाडीवर नाहीये. महिन्याचं भाडं या कागदावर लिहून दिलंय. बसून तर बघा!"

शाल्मली आत बसली. दार मिटले आणि बाहेरचे सगळे आवाज एकाएकी दूर गेले. समोरच्या काचेवर सूर्य उतरला होता. त्या उजेडात तिला दालन दिसेनासे झाले आणि डोंगरातली एक पायवाट दिसू लागली. ती वाट रुंद होत गेली. पांढरी गाडी आवाज न करता चढण चढते आहे, अंगणातली माणसे उठून उभी राहताहेत, कुणी म्हणते आहे, डॉक्टर आल्या. कुणाच्याही नजरेत प्रश्न नाही. ती किती वेळ तशी बसली होती, तिचे तिलाच कळले नाही. काचेवर टकटक झाली तेव्हा ती भानावर आली. बाहेर गुरुजी उभे होते.

"शाल्मली, आवडली?"

"खूप, गुरुजी."

"छान." मग ते व्यापाऱ्याकडे वळले. "शेठ, तीन वर्षं वापरून लोक ज्या गाड्या परत करतात, त्या कुठे ठेवता तुम्ही?"

"मागच्या आवारात. पण तिथे बघण्यासारखं काही नाही, बुवा. धूळ आहे नुसती."

"मला तिथे न्याल?"

शेठ जरा गोंधळले, पण नकार देणे त्यांच्या स्वभावात नव्हते. इमारतीला वळसा घालून तिघे मागे गेले. तिथे गुडघ्याइतके वाळके गवत होते आणि त्यात गाड्या उभ्या होत्या, कुरणात गुरे उभी असावीत तशा. ऊन त्यांच्या टपांवर पसरले होते. कुठेतरी एक होला घुमत होता.

"आत जी पांढरी गाडी आहे, त्याच जातीची इथे कुठली?" गुरुजींनी विचारले.

"ही काय, ही सगळी रांग तीच," शेठ म्हणाले.

गुरुजींनी रांगेतल्या एका गाडीचे दार चाचपून उघडले, आत बसले, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटून घेतले.

शेठ थोडा वेळ थांबले. मग कुणी बोलावल्यावरून आत निघून गेले. शाल्मली गवतात उभी राहिली. गुरुजी काही बोलेनात, हलेनात. झाडांच्या सावल्या गाड्यांवरून हळूहळू सरकत होत्या. तिला संकोच वाटला, आणि मग रागही आला. आयुष्यात पहिल्यांदा एक चांगली गोष्ट हाताशी आली होती, आणि हे धुळीत येऊन बसले होते.

"गुरुजी," ती शेवटी म्हणाली, "आपण नवी गाडी घ्यायला आलोय."

"हो ना. ये, बस इथे."

ती चालकाच्या जागी, चक्रामागे बसली. आतली हवा उबदार होती. कुणाच्या तरी अत्तराचा अगदी पुसट वास होता.

"काय दिसतं, सांग मला," गुरुजी म्हणाले. "माझ्या डोळ्यांना आता एवढं बारीक दिसत नाही."

तिने नाइलाजाने पाहायला सुरुवात केली. सीटला बसणाऱ्याच्या अंगाचा खोलगट आकार आला होता. मागच्या काचेवर कुणा लहान मुलाने चिकटवलेल्या फुलपाखराचा अर्धा पंख उरला होता. पायाखालच्या जाजमात समुद्राची वाळू होती. खाचेत एक वाळलेले शेवंतीचे फूल अडकले होते. ती एकेक सांगत गेली, आणि सांगता सांगता तिचा आवाज मऊ झाला. तीन वर्षे एक कुटुंब इथे राहून गेले होते. समुद्रावर जाऊन आले होते. आता ते कुठे असतील, कोण जाणे.

"गाडी बिघडली आहे का?"

"नाही, गुरुजी. अजून कितीतरी वर्षं चालेल."

"मग अशा इतक्या का उभ्या आहेत? कुणी नेत का नाही? जा, शेठना विचारून ये."

शेठ दालनाच्या मागच्या दारात भेटले. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "मॅडम, पुढच्या वर्षी या गाडीचं नवं रूप येतंय. जुन्या बाजारात हिला आता उठाव नाही. तीन वर्षांनी पाच लाख आले तरी नशीब. म्हणून तर सूट एवढी मोठी आहे!"

"आणि आत ती करडी गाडी आहे, तिची परत आलेली कुठे आहे?"

"ती राहते कुठे? आली की जाते. ती बघा, भिंतीजवळ एकच आहे, तिचंही गिऱ्हाईक ठरलंय. आठ-साडेआठ लाख सहज येतात तिला. पण नव्या करडीवर सूट कमी, म्हणून कुणी बघतच नाही तिच्याकडे. माझी फक्त पन्नास हजारांची आहे. किंमत म्हणाल तर तेवढीच, चौदा."

शाल्मली परत आली आणि तिने ऐकलेले सगळे गुरुजींना सांगितले. गुरुजींनी डोळे उघडले.

"शाल्मली, जो गाडी विकत घेतो तो सगळी गाडी घेतो. तिचं तारुण्य, तिचं म्हातारपण, सगळं. तू तसं करत नाहीयेस. तू तिच्या आयुष्यातली फक्त तीन वर्षं घेते आहेस. आज दालनात उभी आहे ती नवी गाडी, आणि आपण बसलोय ती ही परतीची गाडी. या दोघींच्या किमतींत जेवढं अंतर, तेवढं तू भाड्यातून भरायचं. वर शेठच्या पैशाचं व्याज. बाकी भाडं म्हणजे दुसरं काही नाही."

तिची नजर समोरच्या रांगेकडे गेली. गुरुजी पुढे म्हणाले,

"मग सवलतीचं काम काय? तिने हे अंतर कमी करायचं. ज्या किमतीवरून भाडं धरतात, ती किंमत तिने खाली आणायची. जी सवलत तिथे पोचत नाही, ती काचेवरच राहते. आणि पोचली तरी दुसरं टोक कुठे आहे ते बघायचं. वरून दोन लाख उतरले, पण खालची जमीनच खोल दरीत असेल, तर उतार मोठाच राहणार. आणखी एक. सवलत कुणाकडून येते तेही विचारावं. एक सवलत दुकानदार स्वतःच्या नफ्यातून देतो. दुसरी सवलत गाडी घडवणारा पाठवतो, ती दुकानदाराच्या हातून यायची असते. कधी विचारलं नाही तर ती वाटेतच थांबते. मला हिशेब फारसा येत नाही, बाळ. पण नव्या वस्तूच्या उजेडात डोळे दिपतात, एवढं मी आयुष्यभर पाहिलंय. म्हणून म्हटलं, आधी इथे येऊन बसू. शेवट पाहिला, की आरंभ नीट दिसतो."

शाल्मलीने अंकगणित केले नाही. तरी तिच्या डोळ्यांपुढे दोन वाटा उघडल्या. बारावरून पाचावर उतरणारी एक, साडेतेरावरून साडेआठावर उतरणारी दुसरी. पहिली वाट किती लांब होती! तिच्या मनातल्या त्या शुभ्र गाडीचे चाक त्याच वाटेवरून खाली खाली जात होते. तिला एकदम रडू आले.

"मला ती हवी होती, गुरुजी," ती म्हणाली. मग लोक तिला काय विचारतात, तेही तिने पहिल्यांदाच सांगून टाकले. सांगून झाल्यावर गुरुजी एवढेच म्हणाले, "हे मला आधी का नाही सांगितलंस? मी बरोबर आलो असतो एकदोनदा, काठी टेकत." मग थोड्या वेळाने म्हणाले, "निर्णय तुझा. तू पांढरी घेतलीस तरी मी रागावणार नाही. तुझं मन खोटं नाहीये. फक्त त्याची किंमत खिंडीपलीकडच्या लोकांनी द्यायची का, ते तू ठरव."

ती बराच वेळ चक्रावर हात ठेवून बसली. मग खाली उतरली, गुरुजींचा हात धरला आणि दालनात परत आली.

"शेठ," तिने विचारले, "पांढऱ्या गाडीचं भाडं तुम्ही सांगितलंत, ते चौदा लाखांवर धरलंय की बारा लाखांवर?"

विश्रामशेठ हसायचे थांबले. पेन टेबलावर ठेवत ते म्हणाले, "चौदावर."

"आणि दोन लाखांची सूट?"

"ती विकत घेणाऱ्याला रोख वजा होते. भाडेपट्टावाल्याला आम्ही वस्तू देतो. कव्हर, विमा, महिना माफ." ते खुर्चीत मागे टेकले. "मॅडम, खोटं नाही सांगत. लोक तेवढ्यावर खूश असतात. सूट किती, एवढंच विचारतात. ती भाड्यात उतरली का, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

"मी विचारते आहे," शाल्मली म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पण मला पांढरी नको. करडीचं भाडं काढा. तुमचे पन्नास हजार आधी किमतीतून वजा करा. मला कव्हर नको, महिना माफ नको. आणि गाडी बनवणाऱ्यांकडून काही आलं असेल, तेही त्यातच धरा."

शेठनी गुरुजींकडे पाहिले. गुरुजी नव्याने आलेल्या कॉफीच्या पेल्यातली ऊब तळहातांनी घेत होते.

"आलंय," शेठ म्हणाले. "डॉक्टरांसाठी त्यांचे आणखी पन्नास हजार आहेत. विचारलं की देतो."

"आणि सूट दिली म्हणून व्याज वाढवणार नाही ना?"

यावर मात्र विश्रामशेठ मोकळेपणाने हसले. "नाही हो! बुवा, या तुमच्याकडे डोळ्यांचंच शिकतात ना?"

"डोळ्यांचंच," गुरुजी म्हणाले.

भाडे नव्याने काढले. ते पांढऱ्या गाडीच्या भाड्याहून पुष्कळ कमी आले. शाल्मलीने आकडा पाहिला, पुन्हा एकदा पाहिला आणि सही केली. निघताना शेठ दारापर्यंत पोहोचवायला आले आणि जरा अवघडून म्हणाले, "मॅडम, काचेवरची ती पाटी मी बदलीन म्हणतो. खाली लिहीन, भाडेपट्ट्यातही वजा होईल." त्यांनी ती बदलली की नाही हे कुणाला ठाऊक नाही. पण म्हणताना त्यांच्या मनात तसे होते, हे गुरुजींनी आवाजावरून ओळखले.

थोड्या दिवसांनी करडी गाडी डोंगरावर आली. पहिल्या फेरीला गुरुजी शेजारी बसले. घाटातल्या वळणावर शाल्मलीने विचारले, "गुरुजी, त्या दिवशी शेठ आपल्याला फसवत होते का?"

गुरुजी म्हणाले, "त्यांनी एकही गोष्ट खोटी सांगितली नाही. तू जे विचारलंस, त्याचं उत्तर त्यांनी दिलं. आधी तुझ्या आनंदाने विचारलं, तेव्हा त्यांनी आनंदाला उत्तर दिलं. नंतर तुझ्या कामाने विचारलं, तेव्हा कामाला उत्तर दिलं. दुकानदार तोच होता."

शाल्मलीने मान हलवली. उजवीकडे दरीत कोवळे ऊन साचले होते आणि गाडी त्याच्या काठाकाठाने चालली होती.

वाचकहो, कुणी सवलत देऊ केली तर ती जरूर घ्यावी. आनंदही मानावा. फक्त ती आपल्या भाड्यापर्यंत चालत आली, की वाटेतच कुठे बसून राहिली, एवढे शांतपणे पाहून घ्यावे.

त्या हिवाळ्यात खिंडीपलीकडची एकही वस्ती सुटली नाही. भाड्यातून जे वाचले त्यातून म्हातारी माणसे एकेक करून खाली रुग्णालयात गेली आणि नव्या डोळ्यांनी परत आली. त्यांत गोदाक्का नावाची एक फार वृद्ध बाई होती. शस्त्रक्रियेनंतर शाल्मली तिला घरी सोडायला निघाली, तेव्हा घाट पांढऱ्या धुक्याने भरून गेला होता. झाडे नव्हती, दरी नव्हती, रस्ताही हाताच्या अंतरापुरताच. गोदाक्का काचेला नाक लावून बराच वेळ बाहेर बघत राहिली. मग घाबऱ्या आवाजात तिने विचारले, "बाई, हे पांढरं बाहेरचं हाय, का माझ्या डोळ्यातलं?"

"बाहेरचं आहे, गोदाक्का. धुकं आहे."

"बाहेरचं व्हय," म्हातारी म्हणाली आणि सीटला पाठ टेकून निवांत बसली. "मग ऱ्हाऊ दे."